कोण आहे?

दारावर थाप पडली की आतून विचारायचे, "कोण आहे?" आणि बाहेरून उत्तर यायचे, "मी!" हा संवाद आपल्याकडे घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तर्काच्या कसोटीला लावून पाहिले तर याच्याइतके निरुपयोगी उत्तर दुसरे सापडणार नाही. जगातला प्रत्येक माणूस स्वतःपुरता 'मी'च असतो. चोरही खिडकी उचकटताना मनातल्या मनात 'मी'च म्हणत असणार. भाषाविज्ञानाच्या तासाला मी मुलांना सांगतो की 'मी' हा शब्द रिकाम्या भांड्यासारखा आहे. बोलणारा कोण ते कळेपर्यंत त्यात काही नाही. मुले ते वहीत उतरवून घेतात, घरी जातात, दारावर थाप मारतात आणि "मी" म्हणतात. आणि दार उघडते!

कारण उघड आहे. आतले माणूस शब्द ऐकतच नसते, आवाज ऐकत असते. आवाज ओळखीचा असला की कडी निघते, नसला की "मी कोण?" असा दुसरा प्रश्न येतो. कडी, कोयंडा, अडसर ही सगळी मागाहूनची व्यवस्था. घराची पहिली राखण म्हणजे हा प्रश्न आणि हे उत्तर.

या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे की यंत्रे आणि मी यांची पत्रिका कधी जुळली नाही. तरी यंदा दिवाळीच्या अंकात मी बोलणाऱ्या दारावर लिहायला बसलो आहे. गेल्या वर्षभरात या दाराने आमच्या घरी एकदा हसू आणले, एकदा धावपळ केली आणि एकदा मला चांगलेच खाली पाहायला लावले. त्या तिन्ही गोष्टी सांगायच्या तर आधी आमच्या साताऱ्याच्या घराची ओळख करून दिली पाहिजे.

ते घर वडिलांनी बांधलेले. बैठे, पुढे ओटा, मागे अंगण, अंगणात विहीर. वडील जाऊन चार वर्षे झाली, तेव्हापासून आई तिथे एकटी असते. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. "पुण्याला चल" म्हटले की तिचे उत्तर ठरलेले, "तिथं येऊन काय करू? तुमच्या फ्लॅटच्या भिंती मोजू?" घराच्या दाराला वडिलांनी हौसेने एक बारीक भोक पाडून भिंग बसवून घेतले होते, बाहेरचा माणूस दिसावा म्हणून. पण वडील पडले पावणेसहा फूट उंच, आणि भिंग बसवले स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेत. आई त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती. त्यामुळे कोण आले आहे ते पाहायचे तर आधी स्टूल आणायचे, त्यावर चढायचे आणि मग पाहायचे. तोवर आलेला कंटाळून जाई. शेवटी आईने ते भिंग कालनिर्णयाखाली झाकून टाकले.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एक मनुष्य भरदुपारी आला. "आजी, दागिने उजळून देतो, पैसे नको, कंपनीची जाहिरात आहे" म्हणाला. आईने दार उघडले होते. हातातल्या बांगड्या काढण्याच्या बेतात होती, एवढ्यात शेजारचे निवृत्त सुभेदार काही कामानिमित्त ओट्यावर आले आणि तो मनुष्य सायकलही न घेता पळाला. आईने फोनवर ही हकिकत सांगितली तीही विनोद म्हणून. "सायकल अजून आहे हो ओट्याला टेकवलेली, तुला हवी तर घेऊन जा." मला काही हसू आले नाही.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर आहे. त्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, आजीला दारापाशी जाऊच देऊ नकोस. दाराला बोलू दे." आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघे एक खोके घेऊन साताऱ्याला गेलो.

त्या खोक्यातून दोन वस्तू निघाल्या. एक दाराबाहेर चौकटीवर बसवायची; तिला कॅमेरा, घंटीचे बटण, बारीक जाळीमागे मायक्रोफोन आणि स्पीकर. दुसरी आत, बाहेरच्या खोलीत वडिलांच्या फोटोखाली ठेवायची. तिलाही मायक्रोफोन आणि स्पीकर. कुणी घंटी दाबली की आतली वस्तू वाजणार, आईला जागेवरून बोलता येणार, आणि त्याच वेळी पुण्यात माझ्या मोबाइलवरही ती घंटी वाजणार. मी स्टाफरूममध्ये बसून साताऱ्याच्या दाराशी बोलणार. शिवाय वाटले तर आतल्या यंत्रातून थेट आईशीही.

"हे सगळं सुचलं कुणाला?" आईने विचारले. कुठल्याही नव्या गोष्टीबद्दल तिचा पहिला प्रश्न हाच असतो.

"एका नर्सबाईला, आजी," भाचा म्हणाला.

आणि ते खरे आहे. न्यूयॉर्क शहरात क्वीन्स नावाच्या भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाच्या एक परिचारिका राहत. पती आल्बर्ट ब्राउन इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ. दोघांच्याही कामाच्या वेळा अवेळी, त्यामुळे बाईंना रात्री-बेरात्री घरात एकटे राहावे लागे. वस्तीत गुन्हे फार, आणि पोलीस बोलावले तरी वेळेवर येतील याचा भरवसा नाही. तेव्हा या दांपत्याने घरच्या घरी एक योजना आखली. दाराला निरनिराळ्या उंचीवर झरोके ठेवायचे, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा बसवायचा, चित्र निजायच्या खोलीतल्या पडद्यावर पाहायचे, आणि मायक्रोफोन व स्पीकर यांच्या साह्याने बाहेरच्या माणसाशी आतूनच बोलायचे. ओळखीचा असेल तर बटण दाबून दार उघडायचे. नसेल तर दुसरे बटण दाबून मदत बोलवायची. १ ऑगस्ट १९६६ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मंजूर झाले. आजच्या घरगुती सुरक्षा-यंत्रांची आजी म्हणून याच योजनेकडे बोट दाखवतात.

आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "निरनिराळ्या उंचीवर झरोके! बघ, बाईमाणसाला बरोबर सुचलं." आणि तिने वडिलांच्या फोटोकडे जरा रोखून पाहिले.

आता हे दार बोलते कसे, ते सांगतो. भाच्याने मला ते उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवणीवर आकृत्या काढून समजावले. मला जेवढे समजले तेवढेच इथे देतो. जास्त देण्याची माझी ऐपत नाही.

आवाज म्हणजे हवेची थरथर. मायक्रोफोनमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो, तो या थरथरीबरोबर थरथरतो आणि त्याबरहुकूम विजेचा बारीकसा प्रवाह कमी-जास्त होतो. पूर्वी चांगला मायक्रोफोन महाग असे आणि त्याला बाहेरून बरीच वीज पुरवावी लागे. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी असा पडदा तयार केला की त्यात विजेचा भार कायमचा मुरवून ठेवलेला असतो, लोणच्यात मीठ मुरावे तसा. त्यामुळे मायक्रोफोन लहान झाला, स्वस्त झाला, आणि टेलिफोनपासून खेळण्यांपर्यंत सगळीकडे शिरला. हल्ली तर तो सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरून काढतात आणि तो अगदी चिमुकला असतो.

पुढे या थरथरीचे आकडे होतात. साध्या टेलिफोनी पद्धतीत आवाजाची उंची दर सेकंदाला ८,००० वेळा मोजतात, आणि प्रत्येक माप शून्य व एक यांच्या आठ खुणांनी लिहितात. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याला ६४,००० खुणा. या खुणांच्या वाण्याच्या दुकानातल्यासारख्या पुड्या बांधतात. साधारणपणे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाची एक पुडी. आईने "कोण आहे?" म्हणायला एक सेकंद घेतला तर त्या प्रश्नाच्या पन्नास पुड्या होतात. प्रत्येक पुडीवर पत्ता आणि अनुक्रमांक. त्या घरच्या राउटरमधून बाहेर पडतात, इंटरनेटच्या रस्त्याने कंपनीच्या संगणकाकडे जातात, तिथून माझ्या मोबाइलकडे येतात, तिथे क्रमाने लावल्या जातात आणि पुन्हा त्यांचा आवाज होतो. वाटेत कुणी पुडी सोडून पाहू नये म्हणून चांगल्या यंत्रात त्या कुलूपबंद सांकेतिक लिपीत पाठवतात. माझे उत्तर याच रस्त्याने उलट जाते.

या प्रवासाला वेळ लागतो. एका बाजूचा प्रवास सेकंदाच्या सुमारे दीडशे हजारांशांत, म्हणजे सातव्या हिश्श्यात आटोपला, तर माणसाला तो जाणवत नाही, असे दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे माप आहे. त्याहून पुष्कळच उशीर होऊ लागला की संभाषणाची घडी विस्कटते. आमचे पहिले संभाषण असेच झाले. मी म्हणालो, "आई, ऐकू येतं का?" उत्तर नाही. म्हणून मी पुन्हा म्हणालो, "ऐकू..." तेवढ्यात तिकडून "येतंय की!" आले. मग दोघेही बोललो, दोघेही थांबलो, "तू बोल", "नाही, तू बोल" असे लखनौच्या नबाबांसारखे चालले. राउटर आतल्या खोलीतून बाहेर आणला तेव्हा उशीर कमी झाला. वीज गेली की हे सगळे मुके होते, हेही दुसऱ्याच दिवशी कळले. मग राउटरला छोटी बॅटरी जोडली.

पण खरी गंमत पुढेच आहे. बोलणे दोन्ही बाजूंनी एकदम चालायचे असेल तर एक मोठी अडचण येते. स्पीकर आणि मायक्रोफोन एकाच डबीत, बोटभर अंतरावर. स्पीकरमधून माझा आवाज निघाला की शेजारचा मायक्रोफोन तो पकडणार, मलाच परत पाठवणार. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात प्राचार्य बोलायला उभे राहिले की कर्णा जो "कूंऽऽई" करून ओरडतो, त्याचे कारण हेच: यंत्र स्वतःचेच बोलणे ऐकून स्वतःच चेकाळते. जुन्या दारफोनला कानाशी धरायचा रिसीव्हर असे, तिथे बोलायची व ऐकायची टोके दूर आणि आवाज बेताचा, म्हणून भागत असे. उघड्या डबीत भागत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला साधा: एका वेळी एकानेच बोलायचे. पोलिसांच्या वायरलेसवर "ओव्हर" म्हणतात तसा. बटण दाबून धरले की माझा रस्ता उघडा, तिकडचा बंद. सोडले की उलट. काही यंत्रे बटणाशिवाय हेच करतात. ज्याचा आवाज मोठा त्याला वाट देतात, दुसऱ्याचा गळा दाबतात. आमच्या घरातल्या बऱ्याच चर्चा याच तत्त्वावर चालत आल्या असल्यामुळे मला ही पद्धत समजायला वेळ लागला नाही.

दुसरा उपाय बुद्धीचा आहे. यंत्राला हे तर ठाऊकच असते की आपण आत्ता काय बोललो. तोच आवाज भिंतीवर, दारावर आपटून आपल्या मायक्रोफोनकडे कसा परत येईल याचा ते अंदाज बांधते आणि ऐकलेल्या आवाजातून तेवढा वजा करते. उरेल ते समोरच्या माणसाचे बोलणे. दार उघडले, माणूस सरकला, की प्रतिध्वनी बदलतो. म्हणून अंदाजही क्षणाक्षणाला सुधारून घ्यावा लागतो. अशी स्वतःला सुधारत राहणारी प्रतिध्वनी वजा करण्याची रीत १९६० नंतरच्या दशकात बेल प्रयोगशाळेत घडली, आणि तिच्यावरचा १९६७ सालचा गाजलेला निबंध मनमोहन सोंधी या मूळच्या भारतीय संशोधकाचा आहे. आपण काय बोललो ते लक्षात ठेवायचे, ते वजा करायचे आणि मग समोरच्याचे ऐकायचे! ही युक्ती यंत्राला साधली. माणसांना ती शिकवणारा निबंध अजून कुणी लिहिलेला नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. जुन्या टेलिफोनी रीतीत आवाजाचा सगळा पल्ला पाठवत नाहीत. सेकंदाला ३०० कंपनांपासून ३,४०० कंपनांपर्यंतचा मधला पट्टा तेवढा पाठवतात. 'स', 'श', 'फ' या घर्षणाच्या वर्णांची बरीचशी खूण ३,४०० च्या वर असते. ती कापली गेली की हे वर्ण एकमेकांत मिसळतात. महाग यंत्रे ७,००० पर्यंत जातात, आमचे स्वस्तातले. पहिल्याच आठवड्यात वडिलांचे एक जुने स्नेही फडके भेटायला आले. आईने जागेवरून विचारले, "कोण आहे?" त्यांनी आडनाव सांगितले, आणि आईने मला फोन करून विचारले, "अरे, दाराशी कुणी सडके आलेत, उघडू का?" हे सगळे बाहेरच्या स्पीकरमधून फडक्यांना ऐकू गेले. ते मोठ्या मनाचे आहेत, चहा घेऊन गेले.

खालचे टोकही असेच कापले जाते. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सेकंदाला सव्वाशे कंपनांच्या आसपास असतो, म्हणजे तो या पट्ट्यात मुळी येतच नाही. तरीही फोनवर पुरुष पुरुषासारखाच ऐकू येतो. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जे साथीदार स्वर असतात, त्यांच्यावरून कान त्या गळालेल्या मूळ स्वराची भर आपणच घालतो. घराचा पाया काढून घेतला आणि वरच्या भिंतींवरून पायाची कल्पना केली, असा हा प्रकार. मला याचे राहून राहून नवल वाटते. साताऱ्याच्या डबीतून माझे जे "मी" निघते त्यात माझ्या आवाजाचा पाया नसतो, माथाही नसतो. आणि तरी आई एका अक्षरात मला ओळखते. एवढेच नव्हे, "आज जेवला नाहीस वाटतं" हेही ओळखते.

परदेशांत हीच व्यवस्था आणखी एक पायरी पुढे जाते. घरातली धोक्याची घंटा वाजली की एका केंद्रात खबर पोहोचते. तिथला माणूस घरातल्या यंत्रातून आवाज देतो, "आपण ठीक आहात ना?" धोक्याच्या घंटा बहुतेक वेळा खोट्याच असतात, मांजर, वारा, विसराळू मालक. दोन शब्द बोलले की खरे-खोटे कळते आणि पोलिसांची खेप वाचते. पण बोलणारा घरचाच कशावरून? म्हणून एक शब्द ठरवलेला असतो. आणि शेजारी चोर सुरा घेऊन उभा असेल तर? त्यासाठी दुसरा एक शब्द असतो, जो ऐकायला साधा, पण त्याचा अर्थ "मदत पाठवा".

भाच्याला ही कल्पना फार आवडली. "आजी, आपणही एक वाक्य ठरवू. कुणी नको तो माणूस घरात शिरला आणि तुला उघड बोलता येईना, तर तू म्हण..." आईने विचार करून वाक्य दिले, "वरणाला मीठ कमी पडलं." आम्ही दोघांनी ते शिरोधार्य मानले.

पौष महिन्यातल्या एका संध्याकाळी मी पेपर तपासत बसलो होतो. आईशी बोलणे चालले होते. हवा, भाजी, नातेवाईक. आणि मध्येच ती म्हणाली, "बाकी काही नाही रे, आज वरणाला मीठ कमी पडलं." माझ्या हातातले पेन गळाले. मी आवाज शक्य तितका सहज ठेवून "हो का, हो का" म्हणत राहिलो आणि दुसऱ्या फोनवरून सौ.ना सुभेदारांना फोन लावायला सांगितला. तीन मिनिटांत सुभेदार हातात काठी, मागे त्यांचे दोन नातू, अशी फौज मागच्या अंगणातून स्वयंपाकघरात घुसली. आई ताटावर बसली होती. वरणाला खरोखरच मीठ कमी पडले होते. वाक्य ती साफ विसरली होती. सुभेदारांनी वरणाची चव घेऊन खात्री केली, आणि मग सगळे तिथेच जेवले. नवे वाक्य अजून ठरायचे आहे. स्वयंपाकघराबाहेरचे असावे एवढे मात्र ठरले.

इथवर सगळे हसण्यावारी नेण्यासारखे. पुढचे सांगायला थोडे जड जाते.

आतल्या यंत्राची एक सोय मी मघाशी ओझरती सांगितली. मी मोबाइलवर बोट ठेवले की साताऱ्याची बाहेरची खोली मला ऐकू येऊ लागे. माझा आवाज तिकडे जाऊ द्यायचा की नाही, ते माझ्या हातात. आईला कळण्यासारखी खूण म्हणजे यंत्रावर एक हिरवा ठिपका उमटे. तिच्या चष्म्याला तो दिसणे शक्य नव्हते. यंत्र दोन्ही बाजूंनी बोलणारे होते खरे, पण रस्ता उघडण्याची किल्ली एकाच बाजूला होती.

आषाढात एका संध्याकाळी आई फोन उचलीना. दोनदा केला, तीनदा केला. बाहेर धो धो पाऊस. मी यंत्र उघडले. आईचा आवाज आला आणि जीव भांड्यात पडला. ती कामाच्या बाईंशी बोलत होती. मी हाक मारणार, एवढ्यात ती म्हणाली, "पोराला कळू देऊ नकोस हो. पाय घसरला म्हटलं की तो रजा टाकून येणार, आणि या खेपेला मला घेऊनच जाणार. गुडघा काय, उतरेल चार दिवसांत." मी हाक मारली नाही. ऐकत राहिलो. बाई गेल्या. मग आई एकटीच बोलू लागली. कुणाशी, ते मला हळूहळू समजले. यंत्र वडिलांच्या फोटोखालीच होते. दिवसभरात काय काय झाले ते ती त्यांना सांगत होती. दुधाचा हिशेब, विहिरीचे पाणी, गुडघा, आणि मी. माझ्याबद्दल काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही. वाईट काही नव्हते. सात-आठ मिनिटांनी मी बोट काढून घेतले, तेव्हा मला तेच वाटत होते जे लहानपणी वडिलांची पत्रे चोरून वाचताना वाटले होते.

शनिवारी मी काहीतरी निमित्त काढून साताऱ्याला गेलो. "गुडघा कसा आहे?" हा प्रश्न तोंडातून गेला आणि चूक ध्यानात आली. आईने माझ्याकडे पाहिले, मग यंत्राकडे पाहिले.

"ऐकलंस होय?"

मी मान हलवली.

"किती वेळ?"

ते सांगताना मी पोथीतल्या एखाद्या पाप्याप्रमाणे उभा होतो. ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते. एवढेच म्हणाली, "ऐकायचंच होतं तर हाक मारायची होतीस. मी ओ दिली नसती का?"

मग उठून तिने कपाटातून माझ्या लेकीची लहानपणची लोकरीची कुंची काढली आणि यंत्राला घातली. पाच आठवडे ते यंत्र कुंची घालून बसले होते. २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचला होता, वर्गात त्यावर दोन वाक्ये बोललोही होतो. आईने तो वाचलेला नाही. तिने नुसती कुंची घातली.

मी त्या पाच आठवड्यांत पुष्कळ विचार केला. माझी बाजूही काही खोटी नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई निसरड्या अंगणात पडते आणि लपवते, तर मुलाने ऐकू नये तर काय करावे? पण ती लपवत का होती, याचेही उत्तर मला त्या सात मिनिटांतच मिळाले होते. तिला पडण्याची भीती नव्हती, माझी होती.

गणपतीत सगळे साताऱ्याला जमलो तेव्हा तह झाला. कलमे आईने सांगितली, भाच्याने यंत्रात बसवली. पहिले कलम: यंत्र आधी वाजले पाहिजे, चांगले मोठ्याने, आईने बटण दाबून ओ दिली तरच रस्ता उघडेल. दुसरे: तिच्या गळ्यात एक बटणाचे पदक राहील, पडली, घाबरली, तर ते दाबायचे, मग मात्र रस्ता आपोआप उघडेल आणि मी व सुभेदार दोघांनाही ऐकू येईल. तिसरे: गुडघ्यापासून वरचे आणि खालचे जे काही दुखेल ते ती सांगेल, आणि मी ते ऐकून लगेच पुण्याचे नाव काढणार नाही.

चौथे कलम आम्हाला अनपेक्षित होते. "तुमच्याकडेही एक बसवा," आई म्हणाली. "तुला माझ्या घरात हाक मारता येते, मग मला तुझ्या घरात का नको? मला नाही काळजी? तुझी साखर वाढलीय, हे मला सूनबाईच्या बहिणीकडून कळतं!"

दोन्हीकडचे लपवलेले असे एकदम बाहेर पडले. सौ.नी माझ्याकडे पाहिले, मी भाच्याकडे पाहिले, आणि भाच्याने मुकाट्याने दुसरे खोके मागवले.

आता आमच्या पुण्याच्या जेवणघरात फ्रिजवर एक यंत्र आहे. ते वाजते. आम्ही ओ दिली तर आई बोलते. सकाळी सातला चहाच्या वेळी वाजते, रात्री नऊला मी गोड काही खाल्ले का ते विचारायला वाजते. कुंची कपाटात परत गेली आहे, पण वरच्याच खणात, हाताशी येईल अशी ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे.

हा मजकूर लिहीत असताना घरात चकलीची भाजणी दळून आलेली आहे आणि तिच्या प्रमाणाबद्दल सौ. व मुलगी यांच्यात वाद चालू आहे. एकाच वेळी दोघी बोलत आहेत, प्रतिध्वनी वजा होण्याची चिन्हे नाहीत. मध्येच फ्रिजवरचे यंत्र वाजले. सौ.चे हात पिठाचे, तिने कोपराने बटण दाबले आणि सवयीने विचारले, "कोण आहे?"

तिकडून, पाया नि माथा कापलेला, पण शंभर आवाजांत ओळखू येईल असा आवाज आला,

"मी! जिरं घातलंत का भाजणीत?"